नेताजींची पाणबुडी आणि मुंबईचं जहाज: एका मॉडसाठी काय काय शोधावं लागतं

हे आपल्या ताज्या भागाचं लिखित रूप. बसमध्ये हेडफोन विसरलेल्यांसाठी आणि ऑफिसमध्ये चोरून वाचणाऱ्यांसाठी खास. बोलताना जे 'म्हणजे', 'अॅक्च्युअली' येतं ते बरंचसं काढलंय, बाकी बोललो तसंच ठेवलंय.

आधी थोडी ओळख, कारण या वेळी बरेच नवीन श्रोते आहेत. मी सॉफ्टवेअर इंजिनीअर, बीटेक झालेला, आणि सध्या पन्हाळ्यावरून घरूनच काम करतो. दिवसा बँकांच्या सर्व्हरचे एरर बघतो आणि रात्री पाणबुड्या बुडवतो. घरचे म्हणतात, गडावर बसून समुद्राचे खेळ कसले खेळतोस. त्यात तथ्य आहे. इथून समुद्र सरळ रेषेत ऐंशी-नव्वद किलोमीटर लांब, आणि मध्ये सह्याद्री आडवा.

तर आजचा विषय मॉडिंग. ज्यांना माहीत नाही त्यांच्यासाठी: 'सायलेंट हंटर ४' नावाचा पाणबुडीचा सिम्युलेशन गेम २००७ साली आला. त्यात तुम्ही दुसऱ्या महायुद्धातल्या पाणबुडीचे कॅप्टन असता. धाडधाड गोळीबार नाही. बहुतेक वेळ नकाशा, पट्टी, कोन, वेग आणि वाट बघणं. गेम मूळचा पॅसिफिक महासागराचा, नंतरच्या विस्तारात जर्मन पाणबुड्या हिंदी महासागरात आल्या. आणि जगभरातले हौशी लोक त्यात स्वतःची जहाजं, बंदरं, मोहिमा घालत राहतात. त्या घातलेल्या गोष्टीला म्हणायचं मॉड. मोहिमेची फाइल उघडली की साधी टेक्स्ट फाइल असते: जहाजाचं नाव, कुठल्या बाजूचं, कुठल्या तारखेला निघतं, कुठल्या वेगानं, कुठल्या बिंदूवरून कुठल्या बिंदूकडे. बस्स.

या फाइलची गंमत अशी की तिला गोष्ट चालत नाही. 'मुंबईहून निघालेलं एक जहाज भर समुद्रात बुडालं' हे वाक्य पुस्तकात चालतं. फाइल विचारते: कुठे? किती वाजता? कुणाच्या घड्याळानं? वेग किती? चंद्र होता का? एक रकाना रिकामा ठेवला तर मोहीम सुरूच होत नाही. मला यातच मजा येते, आणि आजचा भाग त्या रकान्यांबद्दलच आहे.

मला करायचा होता अरबी समुद्राचा मॉड, १९४२ ते १९४४. सुरुवात ज्या पाणबुडीपासून केली ती तुम्हाला ठाऊक आहे, फक्त नाव ठाऊक नसेल. आय-२९.

शाळेत आपण सगळ्यांनी ऐकलंय की नेताजी सुभाषचंद्र बोस जर्मनीहून पाणबुडीनं जपानकडे गेले. नेमकं झालं असं. ९ फेब्रुवारी १९४३ रोजी नेताजी आणि त्यांचे सहकारी आबिद हसन कील बंदरातून यू-१८० या जर्मन पाणबुडीत बसले. ती आफ्रिकेला वळसा घालून मादागास्करच्या आग्नेयेला आली. तिथे एप्रिलच्या शेवटी जपानची आय-२९ तिला भेटली. समुद्र खवळलेला होता, थांबावं लागलं, आणि मग दोघंही रबरी तराफ्यातून या पाणबुडीतून त्या पाणबुडीत गेले. दोन जपानी अधिकारी उलट दिशेनं जर्मन पाणबुडीत आले, सोबत सुमारे २ टन सोनं. मग आय-२९ नेताजींना घेऊन सुमात्राजवळच्या साबांग बंदराला पोचली.

गेममध्ये करायला हे भारीच आहे. आय-२९ ही मोठी बोट, लांबी १०८.७ मीटर, म्हणजे फुटबॉलच्या मैदानापेक्षाही जरा लांब. पाण्यावर २३ नॉटच्या वर वेग. पाठीवर एक छोटं समुद्री विमान, घडी घालून हँगरमध्ये ठेवलेलं. जर्मन यू-१८० त्या मानानं ८७.६ मीटरची, आणि तिला सुरुवातीला वेगवान टॉर्पेडो बोटींची इंजिनं बसवली होती, जी प्रचंड धूर काढायची. पाणबुडीनं धूर काढणं म्हणजे गनिमी काव्यात ढोल वाजवणं.

मी आय-२९ चं मॉडेल घेतलं आणि तिच्या आधीच्या फेऱ्या भरायला बसलो, कारण करिअर मोडमध्ये पाणबुडीला मागचा इतिहास लागतो. आणि तिथे यादीत आली २३ नोव्हेंबर १९४२ ही तारीख. समोर नाव: टिलावा.

एस. एस. टिलावा हे ब्रिटिश इंडिया स्टीम नॅव्हिगेशन कंपनीचं प्रवासी जहाज, १९२४ साली इंग्लंडमध्ये बांधलेलं, १०,००६ टनांचं. २० नोव्हेंबर १९४२ ला ते मुंबईहून निघालं, पूर्व आणि दक्षिण आफ्रिकेकडे. जहाजावर ९५८ माणसं: ७३२ प्रवासी, २२२ खलाशी, ४ तोफची. बहुतेक प्रवासी आपलेच, म्हणजे हिंदुस्थानी, आफ्रिकेत घरसंसार किंवा धंदा असलेले. बायकामुलं होती. रात्री दोनच्या सुमाराला पहिला टॉर्पेडो लागला. जहाज लगेच बुडालं नाही, पण बोटींत उतरताना गोंधळ उडाला. मग काही वेळानं दुसरा टॉर्पेडो लागला आणि जहाज गेलं. २८० माणसं मेली. अलीकडे काही जण याला 'भारतीय टायटॅनिक' म्हणतात. मला ते नाव आवडत नाही. टायटॅनिकला कुणी नेम धरून मारलं नव्हतं.

नेम धरणारी होती आय-२९. तीच पाणबुडी. पाच महिन्यांनी तिच्याच लोखंडी जिन्यावरून नेताजी खाली उतरले.

हे वाचून मी त्या रात्री मॉड बंद केला नाही, काही नाही. उलट जास्त शोधायला लागलो. कारण दोन्ही घटना एकाच फाइलमध्ये, एकाच पाणबुडीच्या नावाखाली, वर-खाली ओळीत येणार होत्या. तर निदान त्या ओळी तरी बरोबर असाव्यात.

पहिला रकाना जागेचा. टिलावाबद्दल सगळीकडे एक आकडा सापडतो: सेशेल्सपासून ९३० मैल ईशान्येला. तुम्ही सरळ नकाशावर ९३० मोजाल. पण सागरी नकाशावरचा मैल म्हणजे सागरी मैल, १,८५२ मीटरचा. जमिनीवरचा मैल १,६०९ मीटरचा. दोन्हींना आपण 'मैल'च म्हणतो. घटनेची जी अक्षांश-रेखांशाची नोंद मिळते ती ७ अंश ३६ मिनिटं उत्तर, ६१ अंश ८ मिनिटं पूर्व. मी सेशेल्सच्या माहे बेटापासून तिथपर्यंतचं अंतर काढलं, आलं ८०८ सागरी मैल. आता ८०८ सागरी मैलांचे जमिनीवरचे मैल करा. बरोबर ९३०. म्हणजे कुणीतरी कधीतरी वर्तमानपत्राच्या वाचकासाठी साधे मैल लिहिले आणि पुढे सगळ्यांनी तोच आकडा उचलला. तो सागरी मैल समजून फाइलमध्ये घातला असता तर जहाज सव्वादोनशे किलोमीटर भलतीकडे गेलं असतं. पन्हाळ्यापासून जवळजवळ पुण्यापर्यंत.

दुसरा रकाना वेळेचा, आणि इथे तुमच्यातले जे आयटीवाले आहेत त्यांना मजा येईल. आपण कोडमध्ये 'एशिया/कोलकाता' लिहितो आणि समजतो की भारत म्हणजे ग्रीनिचच्या पुढे साडेपाच तास, कायम. तो टाइमझोन डेटाबेस उघडून जुन्या नोंदी बघा. १ सप्टेंबर १९४२ पासून १५ ऑक्टोबर १९४५ पर्यंत भारताचं घड्याळ एक तास पुढे केलेलं होतं, युद्धकाळासाठी. म्हणजे साडेसहा तास. त्यात मुंबईची स्वतःची वेगळी 'बॉम्बे टाइम', प्रमाणवेळेच्या ३९ मिनिटं मागे, ती १९५५ पर्यंत टिकून होती. जपानी नौदल जगात कुठेही असलं तरी नोंदी टोकियोच्या वेळेनं करायचं. जर्मन पाणबुड्या बर्लिनच्या वेळेनं. आणि जहाजावरचं घड्याळ रेखांशाप्रमाणे रोज सरकवत न्यायचं.

तर 'रात्री दोन' म्हणजे कुणाचे दोन? जहाजाचे धरले, म्हणजे ६१ अंश पूर्वेला ग्रीनिचच्या पुढे चार तास, तर त्याच क्षणी टोकियोत सकाळचे सात वाजले होते आणि भारताच्या युद्धकालीन घड्याळात पहाटेचे साडेचार. हेच दोन टोकियोचे धरले तर जहाजावर रात्रीचे नऊ वाजलेले असतील, माणसं नुकती जेवून डेकवर गप्पा मारत असतील. वाचलेल्यांच्या आठवणी मात्र झोपेतून उठवल्याच्या, अंधाराच्या आणि मग बऱ्याच वेळानं उजाडल्याच्या आहेत. म्हणून मी जहाजाचं घड्याळ धरलं. नेताजींच्या भेटीचंही तसंच. काही पुस्तकांत २७ एप्रिल, काहींत २८. मादागास्करजवळ २७ ची संध्याकाळ सात वाजली की टोकियोत २८ तारीख लागते, हे डोक्यात ठेवूनच ती पानं वाचावी लागतात.

बरेच जण मला विचारतात, १९७१ ची आयएनएस खुकरी कर ना. तिथेही घड्याळाचाच पहिला अडथळा. ९ डिसेंबर १९७१ ला दीवजवळ पाकिस्तानच्या हंगोर पाणबुडीनं खुकरी बुडवली. पाकिस्तानी कथनात पहिला टॉर्पेडो संध्याकाळी ७.५७ ला सुटतो, भारतीय कथनात खुकरीला फटका बसतो तो पावणेनऊच्या आसपास. दोन देशांच्या घड्याळांत अर्ध्या तासाचा फरक, तो वजा केला तरी काही मिनिटं उरतात. ती मिनिटं हा एका वेगळ्या भागाचा विषय आहे. पण खुकरीची खेळता येणारी मोहीम मी करणार नाही. १८ अधिकारी आणि १७६ नौसैनिक गेले, कॅप्टन महेंद्रनाथ मुल्ला जहाजासोबत गेले, आणि त्यांच्या घरची माणसं आज आपल्यात आहेत. ज्यांना करायची त्यांनी करावी. मी नाही.

असो, टिलावाकडे येऊ. तिसरा रकाना चंद्राचा. पाणबुडीच्या गेममध्ये चंद्र फार महत्त्वाचा, कारण रात्रीचा हल्ला नजरेवर चालतो. चंद्राची स्थिती कुठल्याही तारखेसाठी गणितानं काढता येते. काढली. २२ नोव्हेंबर १९४२, पौर्णिमा. मग मी पंचांगाच्या हिशेबानं पाहिलं. त्या वर्षी अधिक ज्येष्ठ होता, म्हणून दिवाळी उशिरा, नोव्हेंबरच्या पहिल्या पंधरवड्यात. म्हणजे ही कार्तिकातली पौर्णिमा. त्रिपुरी पौर्णिमा. मुंबई सोडून दोन दिवस झालेले, घरी देवळांतून दिवे लागलेले, आणि हे लोक समुद्रात.

आम्हा पन्हाळकरांना पौर्णिमेच्या रात्रीचं महत्त्व कुणी शिकवावं लागत नाही. शिवाजी महाराज सिद्दी जौहरच्या वेढ्यातून निघाले ती १६६० च्या जुलैतली रात्र आषाढी पौर्णिमेची. दरवर्षी जुलैमध्ये इथून पावनखिंडीच्या मोहिमा निघतात, आणि दरवर्षी कुणीतरी विचारतंच, की चांदणं असताना पहाऱ्यातून निसटले कसे. उत्तर आमच्या खिडकीबाहेर असतं. जुलैत इथे पौर्णिमेला चंद्र सोडा, समोरचं घर दिसत नाही. अरबी समुद्रात विषुववृत्ताजवळ, नोव्हेंबरात, मोसमी पाऊस मागे फिरल्यावर, गोष्ट वेगळी. रात्री दोनला चंद्र पश्चिमेकडे कलायला लागलेला पण अजून बराच उंच. गेममध्ये तो प्रकाश चालू केला की साडेचारशे फुटांचं प्रवासी जहाज लांबून दिसतं, धूर सोडणाऱ्या नळकांड्यासकट.

आता तुम्ही म्हणाल, एवढं सगळं कुठून मिळतं? इथे एक विषमता आहे जी मॉड करणाऱ्या प्रत्येकाला छळते. जर्मन नौदलाची युद्धकालीन दप्तरं १९४५ मध्ये तांबाख नावाच्या किल्ल्यात दोस्तांच्या हाती सबंध सापडली. त्यामुळे जर्मन पाणबुडी अमुक दिवशी कुठे होती, हवा कशी होती, कॅप्टननं काय लिहिलं, हे आज मिनिटामिनिटाला वाचता येतं. जपाननं मात्र शरणागतीच्या वेळी बरीच कागदपत्रं जाळली. आय-२९ स्वतः २६ जुलै १९४४ ला फिलिपिन्सच्या उत्तरेला अमेरिकन पाणबुडी सॉफिशच्या टॉर्पेडोंनी बुडाली. अमेरिकनांनी जपानी संदेश फोडले होते, त्यामुळे ती कुठून येणार हे आधीच ठाऊक होतं. तिच्याबरोबर तिचे बहुतेक लोक गेले. त्यामुळे नेताजींच्या प्रवासाची जर्मन बाजू ठळक आणि जपानी बाजू विरळ. जर्मन बाजूतूनच कळतं, की नेताजी आत असताना १८ एप्रिल १९४३ ला यू-१८० नं कॉर्बिस नावाचं ब्रिटिश तेलवाहू जहाज बुडवलं. शाळेच्या धड्यात पाणबुडी म्हणजे एक प्रकारची टॅक्सी वाटते. ती टॅक्सी नव्हती.

आणि टिलावाची कागदपत्रं? ती मिळतात, पण एका विचित्र कारणानं. चांदीमुळे. जहाजावर चांदीच्या २,३६४ विटा होत्या, दक्षिण आफ्रिकेच्या टांकसाळीसाठी निघालेल्या. २०१७ मध्ये एका शोध कंपनीनं सुमारे अडीच किलोमीटर खोलीवरून त्या वर काढल्या. मग मालकीवरून लंडनच्या न्यायालयात खटला चालला आणि मे २०२४ मध्ये तिथल्या सर्वोच्च न्यायालयानं दक्षिण आफ्रिकेच्या बाजूनं निकाल दिला. वाद असतो तिथे कागद जमतात. आज 'टिलावा' शोधलं तर चांदीचा पत्ता पटकन लागतो, २८० माणसांचा त्या मानानं उशिरा.

आता खरा प्रश्न. फाइल भरून झाली. जागा बरोबर, वेळ बरोबर, चंद्र बरोबर. मी पहिली चाचणी माझ्या एका मित्राला दिली. तो कोल्हापुरात असतो, माझ्यापेक्षा कितीतरी चांगला खेळतो. त्यानं नेहमीसारखं कोन लावला, वेग काढला, दोन टॉर्पेडो सोडले आणि जहाज बुडवलं. पडद्यावर आलं: जहाज बुडाले, १०,००६ टन. खाली गुण. त्यानं मला स्क्रीनशॉट पाठवला आणि लिहिलं, "भावा, एका झटक्यात दहा हजार! लई भारी."

त्याचं काही चुकलं नाही. गेम असाच बनवलेला आहे. टन मोजायचे. त्या काळातल्या नौदलांनीही टनच मोजले, जर्मन कॅप्टनांना पदकं टनांवर मिळायची. गेमनं ते जसंच्या तसं उचललं, म्हणजे एका अर्थी गेम प्रामाणिकच आहे. पण त्याच्या स्क्रीनशॉटमध्ये जहाजाचं नाव होतं, तारीख होती, मी शोधलेला चंद्र होता, आणि माणसं कुठेच नव्हती. मी जितका नेमका होत गेलो तितकं ते जास्त खटकायला लागलं. काल्पनिक जहाज असतं तर मला काहीही वाटलं नसतं, हेही खरं. मी शेकडो बुडवलीत.

पर्याय तीन होते. टिलावा काढून टाकायची, म्हणजे आय-२९ ची फेरी स्वच्छ, नेताजींची गोष्ट निर्वेध. हे मला अजिबात पटलं नाही. ते झाकणं झालं. दुसरा पर्याय, आहे तसं ठेवायचं. बहुतेक मॉड तसंच करतात आणि त्यांचंही म्हणणं आहे की गेमला गेम राहू द्या. तिसरा पर्याय मला जहाजं वाचवणाऱ्यांच्या नोंदीत सापडला.

टिलावाच्या लोकांना २५ नोव्हेंबरला एचएमएस बर्मिंगहॅम या ब्रिटिश क्रूझरनं शोधलं. बुडाल्यानंतर दोन दिवसांनी. तिनं ६७४ माणसं उचलली आणि कार्थेज नावाच्या जहाजानं आणखी ४. एकूण ६७८. २७ तारखेला बर्मिंगहॅम त्यांना घेऊन मुंबईला परत आली, म्हणजे निघाल्यापासून सातव्या दिवशी ही माणसं पुन्हा त्याच शहरात.

तर मॉडमध्ये २३ नोव्हेंबरला खेळाडू पाणबुडीत नाही. आय-२९ चं ते काम गेमच करतो, तारीख-वेळ-जागा नोंदवून, आणि ते टाळता येत नाही. खेळाडूच्या हातात येते बर्मिंगहॅम, २५ तारखेच्या पहाटे, आणि समोर रिकामा समुद्र.

हे करणं तांत्रिकदृष्ट्या जहाज बुडवण्यापेक्षा कितीतरी अवघड निघालं. पाणबुडीचा गेम 'शोध आणि मार' यासाठी बनलेला, 'शोध आणि उचल' यासाठी नाही. बोटी मी न हलणारी लहान जहाजं म्हणून घातल्या. पण त्या ठेवायच्या कुठे? जिथे जहाज बुडालं तिथे त्या दोन दिवसांनी नसतात. समुद्राचा प्रवाह अर्धा नॉट धरला, म्हणजे तासाला अर्धा सागरी मैल, अगदी गोगलगाय, तरी ४८ तासांत २४ मैल. दिशा नक्की माहीत नसेल तर २४ मैल त्रिज्येचं वर्तुळ शोधावं लागतं. त्याचं क्षेत्रफळ सुमारे ६,२०० चौरस किलोमीटर. आपला अख्खा कोल्हापूर जिल्हा ७,६८५ आहे. म्हणजे शाहूवाडीपासून चंदगडपर्यंतचा जवळजवळ सगळा जिल्हा, सपाट आणि निळा, आणि त्यात वीस-पंचवीस फुटांच्या बोटी. त्यात भर म्हणजे वारा. नोव्हेंबरात वारा ईशान्येकडून येतो. उंच काठाची बोट वारा जास्त खाते, पाण्याला टेकलेला तराफा कमी. दोन दिवसांत दोघं एकमेकांपासून लांब जातात. एकत्र उतरलेली माणसं.

आणि दिसतं किती लांबचं? क्षितिजाचं सूत्र सोपं आहे: उंची मीटरमध्ये घ्या, तिचं वर्गमूळ काढा, साडेतीननं गुणा, किलोमीटर मिळतात. क्रूझरच्या डोलकाठीवर २५ मीटरवर माणूस बसला तर सतरा-अठरा किलोमीटर. (पन्हाळ्याची उंची साडेनऊशे मीटरच्या आसपास. सूत्रानं इथून शंभरावर किलोमीटर दिसायला हवं, म्हणजे समुद्रसुद्धा. सूत्राला सह्याद्री माहीत नाही.) पण क्षितिज दिसणं वेगळं आणि त्यावरचा ठिपका बोट आहे हे कळणं वेगळं. लाटा असतील तर तीन-चार किलोमीटरवरची बोटसुद्धा दर काही सेकंदांनी गायब होते. म्हणून शोध घेणारं जहाज समांतर रेषा आखून नांगरल्यासारखं समुद्र विंचरत जातं, रेषांमधलं अंतर दृष्टीच्या टप्प्यावर ठरवून.

मित्राला दुसरी चाचणी दिली. चाळीस मिनिटांनी मेसेज आला, "काहीच होत नाहीये. बग आहे का?" मी म्हटलं, बग नाही, शोधत राहा. मग बराच वेळ शांतता. रात्री साडेअकराला फोन. पहिली बोट सापडली होती. तो टन वगैरे काही बोलला नाही. म्हणाला, "सूर्य मावळायला आलाय आणि अजून पाच बोटी बाकी आहेत, वेग वाढवला तर इंधन पुरतं का रे?" मी सांगितलं, पुरतं, वाढव.

त्यावर त्याची एक तक्रार होती आणि ती रास्त आहे: खेळाडू कितीही वाईट खेळला तरी इतिहासात ६७८ वाचलेच. मग गेममध्ये कमी सापडले तर काय दाखवायचं? मी सध्या काहीच दाखवत नाही. मोहीम संपल्यावर फक्त मुंबईची तारीख येते आणि किती बोटी भेटल्या ते. गुण नाहीत. यावर तुमचं मत मला हवंय, खरंच.

या मॉडचा पुढचा तुकडा आपल्या कोल्हापूरच्या आणखी जवळचा आहे. वळिवडे, गांधीनगरच्या शेजारी. १९४३ ते १९४८ या काळात तिथे पोलंडच्या निर्वासितांची छावणी होती, सुमारे पाच हजार माणसांची, बहुतांशी बायका आणि मुलं. ही माणसं सायबेरियातून इराणला, इराणहून जहाजानं कराचीला आणि तिथून रेल्वेनं कोल्हापूरला आली. कोल्हापुरात हे बऱ्याच जणांना माहीत असतं. पण त्यांच्या वाटेवरचा तो समुद्राचा पट्टा नकाशावर घाला. ओमानच्या आखाताच्या तोंडाशी १९४३ मध्ये जपानी पाणबुड्या शिकार करत होत्या, आणि ऑक्टोबरात जर्मन यू-५३३ तिथे आली. १६ ऑक्टोबर १९४३ ला ब्रिटिश विमानानं तिला बुडवलं. एकच खलाशी वाचला, अठ्ठावीस तास पोहून खोर फक्कानच्या किनाऱ्याला लागला. वळिवड्याच्या पोरांची जहाजं त्याच पाण्यातून, त्याच वर्षी. पाणबुडीचा सध्याचा सगळ्यात चांगला गेम, 'यूबोट', पोलंडमधल्या कंपनीनं बनवलाय, हा योगायोग मला भारी आवडतो.

गोव्याबद्दलही बरेच प्रश्न आलेत, म्हणजे मुरगाव बंदरातलं जर्मन जहाज एहरेनफेल्स. ९ मार्च १९४३ च्या रात्री कलकत्ता लाइट हॉर्स या पलटणीतले हौशी, पोक्त वयाचे गृहस्थ एका गाळ वाहणाऱ्या बार्जमधून, 'फीबी'तून, तटस्थ पोर्तुगीज बंदरात शिरले आणि जहाजावर चढले. त्यावर १९८० चा 'द सी वुल्व्ह्ज' सिनेमा आहे, ग्रेगरी पेकवाला. गोष्टीत सांगतात की एहरेनफेल्सच्या बिनतारी यंत्रावरून पाणबुड्यांना जहाजांची खबर जायची आणि हल्ल्यानंतर हिंदी महासागर शांत झाला. मी त्या आठवड्यातल्या जर्मन पाणबुड्या नकाशावर ठेवून पाहिल्या. सगळ्यात मोठा हल्ला यू-१६० चा, डीएन-२१ या ताफ्यावर, ३-४ मार्चला, चार जहाजं बुडाली. पण तो डर्बनजवळ. गोव्यापासून सुमारे सात हजार किलोमीटर. मुरगावात नांगर टाकून बसलेल्या जहाजाला डर्बनहून निघणाऱ्या ताफ्याची काय खबर असणार? चढाई खरी, जहाजं बुडाली ती खरी. तिच्यामुळे समुद्र शांत झाला हा भाग मला नकाशावर दिसत नाही. पुढच्या भागात त्यावर सविस्तर, आणि मुरगावचं बंदर गेममध्ये कसं उभं केलं तेही.

तोवर मॉडची चाचणी आवृत्ती उतरवून घ्या. फोनवर चालत नाही, विचारू नका, लॅपटॉप लागतो, जुना चालेल. २५ नोव्हेंबरची मोहीम सुरू केल्यावर पहिली वीस मिनिटं कंटाळा येईल. वेळ पळवायचं बटण त्या मोहिमेत मी बंद ठेवलंय. आणि पहिली बोट दिसली की इंजिन थांबवायला विसरू नका, वाऱ्याच्या बाजूनं जवळ जा, म्हणजे जहाजाच्या आडोशाला पाणी शांत मिळतं. मी इकडे वीज कधी येते त्याची वाट बघतोय, यूपीएस टूं-टूं करायला लागलाय. भेटू पुढच्या भागात.